दुसरा रकाना : डोक्यावरून पाणी घेतल्याची तारीख

१. आठ वर्षांपूर्वी एका सोमवारी पेठ तालुक्यातील यमुना (नाव बदलले आहे), वय बत्तीस, सासूबरोबर आमच्या प्रयोगशाळेत आली. तिच्या हातात औषधी द्रवाची बाटली होती आणि बाटलीत तिच्या गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा.

२. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते : रक्तस्राव जास्त, पाळी अनियमित, शुक्रवारी पिशवी काढणे.

३. मी फॉर्म भरायला घेतला. ‘शेवटची पाळी’ या रकान्यासाठी मी विचारले. यमुना म्हणाली, “अमावशेला डोक्यावरून पाणी घेतलं.” मी भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावास्या पाहिली आणि ती तारीख लिहिली.

४. दवाखान्याच्या कागदावर आधीच्या दोन पाळ्यांच्या तारखा होत्या. माझ्या तारखेसह तीन झाल्या. पहिल्या दोन तारखांत चोवीस दिवसांचे अंतर होते, पुढच्या दोन तारखांत बत्तीस दिवसांचे.

५. बुधवारी काचपट्टी तयार झाली. फॉर्मप्रमाणे तुकडा काढला तो पाळीचा विसावा दिवस होता. अस्तर मात्र चोविसाव्या दिवसासारखे दिसत होते. मी पेन्सिलीने टिपण लिहिले : “अस्तर तारखेशी जुळत नाही. संप्रेरकांचा बिघाड असावा.”

६. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. नलिनी खैरनार (आमच्या मॅडम) यांनी काचपट्टी पाहिली, माझे टिपण खोडले आणि खाली लिहिले : “तारीख अस्तराशी जुळत नाही.”

७. त्यांनी मला यमुनाला फोन करायला लावला.

८. शुक्रवारची शस्त्रक्रिया झाली नाही.

९. त्या आठवड्यापासून आमच्या फॉर्मवर दोन रकाने आहेत. येत्या गुढीपाडव्यापासून एकच राहणार आहे.

मॅडमच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला ‘मॅडमच्या सहवासातील क्षण’ लिहायला सांगितले. मला क्षण लिहिता येत नाहीत, नोंद लिहिता येते. म्हणून आधी नोंद दिली. आता तिच्या आजूबाजूचे लिहिते.

मॅडमची आणि माझी पहिली भेट यमुना येण्याच्या तीन महिने आधीची. मी दिंडोरी तालुक्यातल्या एका गावातून, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाची पदविका घेऊन, नोकरीसाठी नाशकात आले होते. मॅडमनी माझी गुणपत्रिका उघडलीही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी ठेवून विचारले, “काय दिसतं?”

“गुलाबी आणि जांभळं.”

“एवढंच?”

“एवढंच खात्रीने सांगता येईल.”

“उद्यापासून ये,” त्या म्हणाल्या. मागाहून कळले की माझ्या आधीच्या दोघींनी त्याच काचपट्टीवर कर्करोग पाहिला होता. ती निरोगी जिभेची होती.

मॅडमची कामाची पद्धत त्यांच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. इतरांसाठी सांगते. काचपट्टी आधी आम्ही तंत्रज्ञ पाहायची आणि जे दिसेल ते पेन्सिलीने लिहायचे. मॅडम नंतर पाहणार आणि शाईने लिहिणार. आमचे टिपण चुकले तर त्या ते पूर्ण पुसत नसत. एक रेघ मारून खाली दुरुस्ती लिहीत आणि कागद आम्हाला परत देत. अहवाल लिहिणे हे तंत्रज्ञाचे काम नव्हे, असे त्यांना काही जणांनी सांगून पाहिले. “ती अहवाल लिहीत नाही, ती बघायला शिकते,” हे त्यांचे उत्तर. माझ्याकडे असे दोन फाइलभर कागद आहेत. आठ वर्षांत रेघा कमी झाल्या आहेत. थांबलेल्या नाहीत.

यमुनाच्या कागदावरची रेघ त्यातली सर्वांत ठळक. मॅडमनी ती मारली आणि विचारले, “ही तारीख तिने सांगितली की तू काढलीस?”

“तिने अमावास्या सांगितली. तारीख मी काढली.”

“हाई काय शे?” त्या म्हणाल्या, म्हणजे हे काय आहे. मॅडम सटाण्याकडच्या. एरवी त्यांची भाषा पुस्तकासारखी असते. काही जुळत नसले की त्यांच्या तोंडून अहिराणी निघते. “लाव फोन. माझ्यासमोर लाव.”

मी फोन स्पीकरवर ठेवला. यमुना तेव्हा दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यावर कामाला होती. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

“निकाल लागला का, बाई?”

“अजून नाही. एक विचारायचं होतं. तुम्हाला अमावास्येला पाळी आली ना?”

“अमावशेला कशी यंल? अमावशेला डोक्यावरून पाणी घेतलं. तुमाला सांगितलं व्हतं की.”

“मग आली कधी?”

“ती चार दिस आधी. ते कशाला मोजायचे? ते बाजूला बसायचे दिस.”

मॅडमनी फोन जवळ ओढला. “यमुना, मी डॉक्टर बोलते. दवाखान्यात तुला काय विचारलं होतं?”

“पयल्या बारीला मावशी व्हती, तिनं इचारलं डोक्यावरून कवा घेतलं. दुसऱ्या बारीला नर्सबाई व्हती, तिनं इचारलं रगत कवा दिसलं. ज्यानं जे इचारलं ते सांगितलं. माझं काय चुकलं का?”

“तुझं काहीच चुकलं नाही,” मॅडम म्हणाल्या.

मी कागदावर पहिल्या आणि तिसऱ्या तारखेतून चार चार दिवस वजा केले. अंतर अठ्ठावीस आले. दुसऱ्यांदाही अठ्ठावीस. यमुनाची पाळी अगदी नियमित होती. अनियमित होते ते आमचे विचारणे.

फोन ठेवून मॅडमनी मला विचारले, “तुमच्या घरी काय म्हणतात?”

“हेच म्हणतात,” मी म्हणाले.

हे लिहायला मला आवडत नाही, पण नोंद अपुरी राहू नये. माझी आई आजही मला फोनवर विचारते, “डोक्यावरून कधी घेतलंस?” तिचा महिना पाचव्या दिवसाच्या आंघोळीपासून सुरू होतो. त्याआधीचे चार दिवस तिच्या लेखी महिन्यातच नाहीत. हा शब्द मी वयाच्या बाराव्या वर्षापासून ऐकते आहे. नाशकात आल्यावर तो मी मुद्दाम बोलायचे सोडले होते. यमुनाने तो माझ्यासमोर उच्चारला तेव्हा मला तो ऐकू आला, समजला नाही. शहरातल्या तंत्रज्ञाने अशी चूक केली असती तर अज्ञान म्हणता आले असते. माझी चूक निराळी होती.

मला वाटले, मॅडम रागावतील. त्या म्हणाल्या, “ॲप्रन घालताना घरचे शब्द खुंटीला टांगून येऊ नकोस. खिशात राहू दे.” आणि लगेच त्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडचे बोलणे मला ऐकू येत होते.

“मॅडम, चार दिवसांनी असा काय फरक पडतो? बाईला त्रास आहे, पिशवी काढली की सुटेल.”

“चार दिवसांनी तिची पिशवी जाते आहे, हा फरक. त्रास आहे हे मलाही मान्य. तिचं हिमोग्लोबिन केलंत? थायरॉइड?”

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

“नाही ना? मग आधी ते करू. पिशवी कुठे पळून जात नाही.”

थायरॉइड कमी निघाले. गोळ्या सुरू झाल्या, लोहाच्याही. काही महिन्यांनी रक्तस्राव आटोक्यात आला. केवळ तारखेची चूक सापडल्याने पिशवी वाचली, असे मी म्हणणार नाही. चूक सापडल्याने शुक्रवार टळला, आणि शुक्रवार टळल्याने पुढच्या तपासण्या झाल्या. क्रम हा आहे. अस्तरावरून दिवस मोजण्याच्या या पद्धतीवर आता फारसे कोणी विसंबत नाही, हेही सांगायला हवे. शेवटच्या पाळीची तारीख मात्र आजही प्रत्येक फॉर्मवर विचारली जाते.

पुढच्या आठवड्यात यमुना सासूबरोबर अहवाल न्यायला आली. मॅडमनी दोघींना आत बोलावले. अहवाल खिडकीतून देऊन मोकळे होणे त्यांना कधी जमले नाही.

सासूबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, “दर म्हैन्याला हिचं एवढं रगत जातं. ती पिशवी ठिवून काय लोणचं घालायचं हाय?”

“लोणचं आपण कैरीचं घालू, आजी,” मॅडम म्हणाल्या. “पिशवी राहू द्या. बसा.”

मग त्यांनी यमुनाला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले आणि तिचीच काचपट्टी दाखवली. मी बाजूला उभी होते. मॅडम आम्हाला हा विषय जसा शिकवत तसाच त्यांनी तिला सांगितला, फक्त शब्द बदलून. आधी आम्हाला कसा शिकवत ते लिहिते.

अंडाशयातून बीज बाहेर पडले की त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते. ती प्रोजेस्टेरॉन बनवते. या संप्रेरकावर गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते, मऊ आणि जाड होते, गर्भाची वाट पाहते. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत ती गाठ विरते आणि प्रोजेस्टेरॉन उतरते. पाळी सुरू व्हायला हे उतरणेच पुरते. अस्तरातल्या पेशी काही द्रव्ये सोडतात, त्यामुळे तिथल्या वळणावळणाच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, वरच्या थराला प्राणवायू मिळेनासा होतो. पेशींना धरून ठेवणारे धागे विरघळतात. वरचा थर सुटतो आणि रक्ताबरोबर बाहेर येतो. तळाचा थर जागेवर राहतो. रक्त थांबण्याच्या आधीच त्यातून नवे अस्तर उगवायला लागलेले असते.

मॅडम यमुनाला म्हणाल्या, “तू द्राक्षात काम करतेस ना? एप्रिलात खरड छाटणी करता. तेव्हा वेल मुळापासून काढता का?”

“मुळापासून कशी काढू? मालक जीव घंल. खोड ठिवायचं, वलांडे म्हंजी आडव्या फांद्या ठिवायच्या, डोळे ठिवायचे. त्याच्यातूनच नवी काडी फुटती.”

“तसंच हे. खालचा थर राहतो, वरचा जातो. महिन्याला एक छाटणी.”

मी कामावर नवीन होते आणि मला चुकीचे उदाहरण सहन होत नसे. म्हणाले, “मॅडम, पण द्राक्ष छाटणारा माणूस बाहेरचा असतो. इथे बाहेरून कोणी कापत नाही. आधार जातो म्हणून अस्तर सुटतं.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. रागावल्या नव्हत्या. “बरोबर आहे. मग तू सांग तिला.”

यमुनाच डोळा काचेला लावून बसली होती, तिथूनच म्हणाली, “म्हंजी मांडवाची तार सोडली. तार सोडली की येल आपोआप खाली येतो. कापायला कोन लागतं?”

मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरच्या खिडकीवरचा माणूस आत डोकावला. त्यानंतर आजवर त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याला प्रोजेस्टेरॉन म्हणजे मांडवाची तार असेच सांगितले आहे, आणि दर वेळी “हे पेठच्या यमुनाबाईंनी सांगितलं” असे जोडले आहे. ग्रंथातल्या इतर लेखांत हे उदाहरण मॅडमच्या नावावर आले असेल तर ती दुरुस्ती इथे करून घ्यावी. मॅडमनाही तेच आवडेल.

निघताना यमुनाने विचारले, “बाई, मग त्या चार दिसांत आतमंदी काय चाललेलं असतं?”

“नवं भरायला लागलेलं असतं,” मॅडम म्हणाल्या. “तू डोक्यावरून पाणी घेतेस ना, तोवर आतली जखम बहुतेक भरून आलेली असते. तू मोजायला सुरुवात करतेस तेव्हा शरीराचं बरंचसं काम उरकलेलं असतं.”

“आन आमी म्हंतो इटाळ,” यमुना म्हणाली. दारातून बाहेर पडल्यावर मला सासूबाईंचा आवाज आला, “चल, तार सोडनारी.” आवाजात राग नव्हता.

यमुनाची पिशवी तिच्याजवळ आहे. दर उन्हाळ्यात ती नागलीचे पापड आणून देते आणि आल्याबरोबर, कोणी विचारण्याआधी, दोन तारखा सांगते.

आता माझ्याविषयी मॅडमनी केलेली एक गोष्ट. ही मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही.

पहिल्या वर्षी मी पंचवटीत एका घरी राहत होते. घरमालकीणबाई चांगल्या होत्या, पण महिन्याचे चार दिवस मला स्वयंपाकघरात जाता येत नसे. त्या दिवसांत माझा डबा नसे. मी सीबीएस बसस्थानकाजवळच्या टपरीवर वडापाव खायचे आणि भूक नाही म्हणायचे. मी हे कोणालाच सांगितले नव्हते. सांगण्यासारखे त्यात काही आहे, असे मला वाटत नव्हते.

चौथ्या महिन्यात एके दिवशी दुपारी मॅडमनी माझ्या टेबलावर डबा ठेवला. “घरी जास्त झालं होतं,” एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही जास्त झाले होते. चार दिवस जास्त होत होते, पाचव्या दिवशी झाले नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तेव्हा मला उमगले की मॅडमनी तीन महिने माझ्या न आलेल्या डब्यांच्या तारखा ध्यानात ठेवल्या होत्या आणि पुढची तारीख काढली होती. त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. एकदा माझी पाळी दोन दिवस उशिरा आली. ते दोन्ही दिवस माझ्यासमोर दोन डबे होते, माझा आणि त्यांचा. मी दोन्ही संपवले. मॅडमनी रिकामा डबा उचलताना म्हटले, “माझं गणित दोन दिवसांनी चुकलं वाटतं.”

“तारीख अस्तराशी जुळली नाही, मॅडम,” मी म्हणाले. मला आठवते त्याप्रमाणे प्रयोगशाळेत मी केलेला हा पहिला विनोद.

यमुनाच्या प्रकरणानंतर मॅडमनी फॉर्मवर दुसरा रकाना छापून घेतला. पहिला : ‘पहिला डाग दिसला ती तारीख.’ दुसरा : ‘डोक्यावरून पाणी घेतले ती तारीख.’ बाई कोणतीही एक तारीख सांगते, दुसरी आपण विचारायची. रकाना रिकामा असेल तर विचारायचे आठवते. त्याबरोबर त्यांनी एक निळी वही केली. बायका या दिवसांना काय काय म्हणतात ते त्यात तालुक्यांप्रमाणे लिहिले आहे : अडचण, बाजूला बसले, कावळा शिवला, शिवायचं नाही, बाहेरची झाले, डोकं धुतलं. प्रत्येकासमोर मॅडमच्या अक्षरात एकच माहिती असते : या शब्दाने पहिला दिवस कळतो की पाचवा. अक्षर सुरुवातीला बारीक आहे. अलीकडच्या पानांवर ते मोठे होत गेले आहे. मॅडमची नजर अधू होते आहे. गेल्या दिवाळीपासून त्या काचपट्ट्या पाहत नाहीत; आम्ही टिपण वाचून दाखवतो आणि त्या ऐकून रेघ मारतात.

मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या होत असताना प्रयोगशाळा नव्या व्यवस्थापनाकडे जात आहे. निर्णय मॅडमचाच आहे आणि तो योग्य आहे. नव्या व्यवस्थापनाचा फॉर्म संगणकावर आहे. त्यात ‘शेवटची पाळी’ हा एकच रकाना आहे. मी त्यांच्या प्रतिनिधींना दुसऱ्या रकान्याबद्दल विचारले. ते सभ्यपणे म्हणाले, “मॅडम, हा रकाना इतर कुठल्याच शहरात नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरांनी लेखी मागितला तर टाकू. पाडव्याला फॉर्म पक्का होतो.”

हे मी मॅडमना सांगितले. त्या “बरं” म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी निळी वही माझ्यासमोर ठेवली. “ही तुझ्याकडे असू दे. मला आता वाचता येत नाही.” मग म्हणाल्या, “आणि माझ्या नावाने कुणाकडे काही मागू नकोस. सत्काराच्या वर्षी लोकांना नाही म्हणता येत नाही. ते बरं नव्हे.”

मॅडमचे ऐकायचे म्हणून मी त्यांच्या नावाने काही मागत नाही.

त्यांना दीर्घ आयुष्य लाभो. त्यात आरोग्य असो, सकाळी चालण्याइतके गुडघे असोत, आणि आम्ही मोठ्याने वाचून दाखवलेल्या टिपणातली चूक पकडण्याइतके कान तर नक्कीच असोत. माझ्या कागदांवर त्यांची रेघ आणखी पुष्कळ वर्षे पडावी, हे मी स्वतःसाठी मागते.

पुढचेही मी माझ्याच नावाने मागते आहे. ज्या डॉक्टरांचे नमुने आमच्याकडे येतात त्यांनी नव्या फॉर्मवर दुसरा रकाना हवा की नको, ते एका ओळीत, सहीसह, प्रयोगशाळेच्या पत्त्यावर कळवावे. ‘नको’ असेल तर तेही कळवावे. तुमच्या भागातल्या बायका ज्या दिवसापासून महिना मोजतात त्या दिवसाला काय म्हणतात, तो शब्द सोबत लिहावा. वहीत जागा आहे. उत्तर होळीच्या दिवसापर्यंत पोहोचावे, ही विनंती.